एकचा रिस्टार्ट

३ नोव्हेंबर २००८, सोमवार

कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की तो बरा का होतो?

मला माहीत नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही दुसरं कोणी वाचत नाही. आज वर्गात रिंकीने विचारलं, "दीदी, तो अडकला का तुमी बटण दाबता. मंग तो चांगला काऊन होते?" मी आधी तिला सांगितलं की वर्गात दीदी नाही, मॅडम म्हणायचं. त्यात थोडा वेळ गेला. मग म्हणाले, त्याला विश्रांती मिळते. रिंकी म्हणाली, "एवढ्याशात?" मी म्हणाले, पुढचा धडा उघडा.

मशीन जुनं आहे. तिरोड्याच्या एका ऑफिसने काढून टाकलं आणि आमच्या गावच्या वाचनालयाला मिळालं. मी बी.ए. झाले, घरातली पहिली, म्हणून ते चालवायला मी. मुलींसाठी फुकट वर्ग ही कल्पनाही माझीच. गावातली एकही मुलगी माऊसला भिणार नाही, असं मी उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले होते. बाबूजी ते वाक्य अजून लोकांना ऐकवतात.

थोडं काम केलं की मशीन अडकतं. बाण हलत नाही. मग बटण दाबून धरावं लागतं. दाबताना मी डोळे मिटते. भीतीने नाही. पण परत चालूच झालं नाही तर दुसरं मशीन नाही. दुसरी मॅडमही नाही.

५ नोव्हेंबर

उपाय सापडला. अडकायची वाट बघायचीच कशाला? रोज ठरलेल्या वेळी त्याने आपणहून रिस्टार्ट व्हावं. माणसाला जशी दिनचर्या, तशी मशीनला. कंट्रोल पॅनेलमध्ये सोय आहे. दुपारी एकची वेळ टाकली, तेव्हा मुली डबा खातात. पुढे एएम की पीएम असं विचारलं. एएम आधी दिसत होतं, तेच राहू दिलं. बारकावे नंतर.

आजपासून मी बटण दाबणार नाही. डोळे मिटण्याचा प्रश्नच नाही.

६ नोव्हेंबर

झालं! बरोबर एक वाजता!

आमच्याकडे सध्या सकाळची लोडशेडिंग आहे. बाराला लाईन येते, आली की मी बोर्डाचं बटण दाबते. मशीन सुरू होतं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात बाराच असतात. इतकं वक्तशीर. तारीख मात्र १ जानेवारी २००२ दाखवतं. वेळ बरोबर असल्यावर तारखेचं काय.

एकला पडद्यावर चौकोन आला. तुमचं काम सेव्ह करा, मशीन बंद होत आहे, असं इंग्रजीत लिहिलेलं आणि खाली सेकंद उलटे पळत होते. मुली डबे टाकून दाराकडे पळाल्या. अंधार झाला, मग टुंग करून परत आला. वाचनालयाचे सचिव खुमेंद्रभाऊ तोंड उघडं ठेवून म्हणाले, "बाई, तुमी तं हात बी नाही लावला!"

मी म्हणाले, शिस्त लावली की हात लावावा लागत नाही.

सेकंद पळताना मीही दोन पावलं दाराकडे सरकले होते. मुलींना सांभाळायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठी बातमी. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका कॉम्प्युटर संस्थेत खेड्यातल्या मुलींसाठी डिप्लोमाच्या काही जागा आहेत. फी नाही, राहायची सोय आहे. त्यांचे तिलक सर गावोगावी जाऊन तिथल्याच मशीनवर परीक्षा घेतात. आमच्याकडून रिंकीचं नाव मी दिलं. सर २३ तारखेला येणार, वेळ दहा ते साडेअकरा.

२३ला गावची मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा. सर गोंदियाचे, त्यांना कोण सांगणार की मंडईच्या दिवशी गावात घरटी चार पाहुणे असतात आणि चौकात दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत असतात. तारीख बदला म्हणून फोन केला. ते म्हणाले, दुसरा रविवार खाली नाही.

संध्याकाळी रिंकीचे वडील केवळरामकाका आमच्या ओसरीत येऊन बसले. बाबूजींना म्हणाले, "इंदरलालभाऊ, मंडईले बालाघाटकडचे पाहुणे येऊन राहिले पोरीले पाहाले. आता तुमची सोनिका म्हणते परीक्षा. ठीक हाये. पास झाली तं जाऊ दे फुलचूरले, मी आडवा नाही येत. नाही झाली तं चैतात लगन. मंग मले कोणी काही बोलाचं नाही."

बाबूजी म्हणाले, "सोनिकाच्या हाताखालची पोरगी हाये, नापास कायची होते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले. मायने नंतर विचारलं, "कायले एवढी भेवून राहिली तू? पाणी पे." मी भ्याले नव्हते. चहा गरम होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

लोडशेडिंगचं टाइमटेबल बदललं. आता लाईन दहालाच येते. चांगलं झालं, वर्ग सकाळी घेता येईल आणि परीक्षेच्या वेळेची सवय होईल.

एक गडबड. अकराच्या सुमाराला रिंकी परिच्छेद टाइप करत होती आणि चौकोन आला. मी कोणतंही बटण दाबलं नव्हतं. एक वाजायला कितीतरी वेळ होता. सेकंद पळाले, अंधार. परिच्छेद गेला. रिंकी रडली नाही, फक्त बोटं हवेत तशीच धरून बसली. मला ते जास्त वाईट वाटलं.

एकला मात्र काहीच झालं नाही. बरोबर आहे. अकराला रिस्टार्ट झाल्यावर त्याला परत गरज वाटली नसेल.

११ नोव्हेंबर

परत अकराला.

एक योगायोग असतो. दोन म्हणजेही योगायोगच असतात.

१२ नोव्हेंबर

परत अकराला. मी खुर्ची दाराजवळ घेतली आहे. तिथे हवा येते.

 खुमेंद्रभाऊ भिंतीवरच्या फोटोकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, एक गोष्ट बोलू का? नंदलाल गुरुजी वाचनालय अकरालेच बंद करत होते."

हे वाचनालय नंदलाल गुरुजींनी काढलं. सकाळी उघडायचे आणि शाळेत जायचं म्हणून अकराच्या ठोक्याला बंद करायचे. हातातलं पुस्तक ओढून घ्यायचे म्हणतात. मी तिसरीत असताना ते वारले.

मी खुमेंद्रभाऊंना समजावलं की आपण विज्ञानाच्या युगात आहोत, वाचनालयाच्या सचिवाने असं बोलू नये. ते म्हणाले, "मी कुठी काही म्हणतो? मी फक्त टाइम सांगितला."

घरी येताना गुरुजींच्या फोटोला नमस्कार केला. आदर म्हणून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. कार्यक्रम केला नाही, मशीनची योजना केली. मशीन अकराला आपल्या मनाने बंद होतं, तर आपण त्याच्या आधीच बंद करायचं. साडेदहाचा रिस्टार्ट लावला.

साडेदहाला काही झालं नाही. अकराला झालं.

खबरदारी म्हणून सव्वादहाचा, पावणेअकराचा आणि दहा चाळीसचाही लावला. एक तरी मानेल.

१५ नोव्हेंबर

एकही मानला नाही. अकराला, जसं कोणीतरी दार लावून घेतं तसं.

आता मला वाटतं की ते माझं ऐकतच नाही, दुसऱ्या कोणाचं तरी ऐकतं. हे वाक्य उद्या खोडायचं.

१७ नोव्हेंबर

वाक्य खोडलं नाही. पेन नव्हतं.

मुली आता प्रत्येक ओळीनंतर कंट्रोल आणि एस दाबतात. ओळ, एस. ओळ, एस. मी शिकवलं नाही, भीतीने शिकल्या. रिंकी तर पूर्णविराम दिला की आपोआपच दाबते. तिने आज डब्यातली पोळी खाऊन झाल्यावर हवेत दोन बोटं दाबली, सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बघितलं तर दहा पन्नास झाले होते आणि कोणी हसत नव्हतं.

रिंकीने जाताना विचारलं, "मॅडम, परीक्षा साडेअकरापर्यंत हाये ना?"

हो म्हणाले.

"आणि तो अकराले..."

मी म्हणाले, मी आहे ना. तिने मान हलवली. त्या मान हलवण्याने मला घरापर्यंत सोडलं नाही.

१८ नोव्हेंबर

मायला सगळं कळलं आहे, खुमेंद्रभाऊंनी सांगितलं असणार. ती मीठ-मिरची घेऊन वाचनालयात आली. मी दारातच अडवलं. म्हणाले, माय, हे लोखंड आणि प्लास्टिक आहे, त्याला नजर लागत नाही, आणि इथे मी मुलींना वैज्ञानिक दृष्टी शिकवते. माय म्हणाली, "शिकव ना. मी कोठी नाही म्हणतो? तू शिकव, मी ओवाळतो."

बराच वाद झाला. शेवटी मीच विचारलं, पडद्यावरून ओवाळायचं की सीपीयूच्या डब्यावरून.

दोन्हीवरून ओवाळलं. मुलींना बाहेर पाठवलं होतं.

१९ नोव्हेंबर

अकराला. मिरचीचा वास अजून येतो.

२० नोव्हेंबर

तिलक सरांना फोन केला. विचारलं, परीक्षा बाराला सुरू करता येईल का. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, इथे अकराला एक स्थानिक अडचण असते. ते म्हणाले, दुपारी त्यांची दुसऱ्या गावात परीक्षा आहे, जमणार नाही.

सांगून टाकायला हवं होतं. पण त्यांनी मशीन खराब म्हणून गावच रद्द केलं तर? केवळरामकाकांनी पाहुण्यांना होकार कळवून ठेवला आहे, फक्त दिवस पक्का करायचा आहे. रिंकीच्या घरी माझं नाव घेऊन भांडण झालं असंही कळलं. ती म्हणाली होती, "मॅडम पाहून घेईल." हे तिच्या काकूने मला टोमणा म्हणून विहिरीवर ऐकवलं. टोमण्यापेक्षा रिंकी ते खरंच बोलली असेल याचीच मला भीती वाटते.

२१ नोव्हेंबर

गुरुजींचा फोटो काढून मागच्या खोलीत ठेवला. भिंत पुसायची होती.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ

परत जाऊन फोटो लावला. बिचाऱ्यांनी आयुष्य दिलं या वाचनालयाला. कुलूप लावताना एकटीच होते म्हणून त्यांच्याशी बोलले. गुरुजी, परवा एक दिवस साडेअकराला बंद करा. फक्त एक दिवस. मुलगी गावची आहे, तुमच्याच शाळेतली.

हे विज्ञानाविरुद्ध नाही. ही विनंती आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या परीक्षा. आज शांत डोक्याने विचार केला. माझे सगळे रिस्टार्ट काढून टाकायचे, म्हणजे उद्या काही झालं तरी ते माझ्यामुळे झालं नसेल. सव्वादहा, साडेदहा, दहा चाळीस, पावणेअकरा, सगळे काढले. एकचा तेवढा ठेवला. परीक्षा साडेअकराला संपते, त्याचा काही अडथळा नाही. शिवाय तो पहिल्या दिवशी चालला होता. तो एकच माझा विश्वासू आहे.

रिंकीला योजना सांगितली. अकराला दहा मिनिटं कमी असताना मी खोकेन. तू सेव्ह करायचं, हात मांडीवर ठेवायचे. तो जाईल, येईल, मग पुढे. घाबरायचं नाही. रिंकी म्हणाली, "तुमी आतापासूनच काऊन खोकून राहिल्या?"

थंडी पडली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार, मंडई

क्रमाने लिहिते.

मंडईसाठी खुमेंद्रभाऊंनी लाईनमनला भेटून ठेवलं होतं, त्यामुळे आज लाईन गेलीच नाही. मी साडेनऊलाच बोर्डाचं बटण दाबून मशीन सुरू केलं. तिलक सर वेळेवर आले, वयाने माझ्याएवढेच, मागून त्यांची बॅग उचलून खुमेंद्रभाऊ. दहाला रिंकी बसली. नवीन ड्रेस होता, परीक्षेसाठी की पाहुण्यांसाठी ते मी विचारलं नाही. चौकात ढोल सुरू झाले. केवळरामकाका पाहुण्यांना घेऊन आले आणि सगळे खिडकीशी उभे राहिले. मुलाचे वडील सिंगाडे सोलून खात होते. मुलगी पाहायला आले होते आणि मुलगी टाइप करत होती, तेच बघत होते.

मी दाराजवळच्या खुर्चीत. डोळे घड्याळावर, भिंतीवरच्या. अकराला दहा कमी, मग खोकायचं. खोकला वेळेवर येईल की नाही शंका होती.

साडेदहाला चौकोन आला.

साडेदहाला! खोकायला मिळालंच नाही. सेकंद पळत होते. रिंकी माझ्याकडे बघत होती. मी उठले, परत बसले, परत उठले. तोंडातून निघालं, "गुरुजी, अजून अर्धा तास आहे!" हे मोठ्याने निघालं. तिलक सरांनी विचारलं, कोण गुरुजी? खुमेंद्रभाऊंनी फोटोकडे हात केला आणि स्वतः दाराबाहेर गेले.

आणि तेव्हा मला वाटलं, गुरुजी कधीच लवकर बंद करणार नाहीत. उशिराही नाही. अकरा म्हणजे अकरा. मग हे कोण?

मी कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा भिंतीवरचं सोडून पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. त्यात एक वाजला होता.

एक. माझा विश्वासू.

पडदा काळा झाला.

टुंग होईपर्यंत चौकातले ढोल आणि खिडकीशी सिंगाडे सोलल्याचा आवाज. मी सरांना सांगितलं. रिस्टार्ट मी लावला आहे. एकचा. का आत्ता झाला मला माहीत नाही. रोज होत होता, तेही मी कोणाला कळवलं नाही. मुलीची चूक नाही. माझा आवाज इतका बारीक आला की मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय म्हणते?" आणि मला ते सगळं परत सांगावं लागलं.

सर वाकून बघत म्हणाले, "एक जनवरी दोन हजार दो. मॅडम, अंदरचा छोटा सेल गेला आहे याचा. प्लग काढून परत लावला की मशीनला वाटतं रात्रीचे बारा वाजलेत, तिथून मोजायला लागतं. रात्री एकचा टाइम लावला होता का?" मला एएम आठवलं. लाईन आली की तासाभराने. बाराला आली तर एक, दहाला आली तर अकरा, आज साडेनऊला बटण दाबलं तर साडेदहा. एवढंच होतं.

खिडकीतून केवळरामकाका म्हणाले, "म्हंजे गुरुजी नोहोत?" त्यांचा आवाज पडला होता.

मशीन सुरू व्हायला वेळ घेत होतं. सरांनी तेवढ्यात रिंकीला तोंडी प्रश्न विचारला. "बताओ, रिस्टार्ट केल्यावर कॉम्प्युटर ठीक का होतो?"

मी डोळे मिटले. विश्रांती, रिंकी, विश्रांती म्हणू नकोस.

रिंकी म्हणाली, "मले माहीत नाही सर. आमच्या मॅडमले बी नाही माहीत. मी त्यायले विचारलं होतं. तेच तं शिकाले याचं हाये."

मुलाचे वडील सिंगाडा खायचे थांबले.

मग फाइल उघडली. सगळं होतं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. तिने प्रत्येक ओळ सेव्ह केली होती. सरांनी विचारलं, ही सवय कोणी लावली? रिंकीने माझ्याकडे बोट केलं. खरं तर ती सवय शिकवून आलेली नव्हती, पण मी नाही म्हणाले नाही. आजच्या दिवसात तेवढं एक राहू दे असं वाटलं.

उरलेला पेपर तिने साडेअकराच्या आधी संपवला. पाहुणे जेवून गेले. 

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खुमेंद्रभाऊंच्या मोबाईलवर सरांचा फोन आला. रिंकीला जागा मिळाली.

केवळरामकाकांनी बालाघाटला कळवलं, "पोरगी दोन वरीस खाली नाही." बाबूजींनी ते गावभर सांगितलं आणि पुढे स्वतःचं जोडलं की आता संस्थेने सोनिकाला शिकवायला बोलावलं आहे. मी ऐकलं. मनात आलं, बोलावतीलही.

४ डिसेंबर

कोणी बोलावलं नाही.

एकचा रिस्टार्ट काढून टाकला. काढताना 'नक्की काढायचा का?' असं मशीनने विचारलं. बराच वेळ माऊस धरून बसले. मग हो म्हणाले. नवीन सेलही बसवला, आता तारीख खरी असते. अकरा वाजले तरी काही होत नाही. मुलींना चुकल्यासारखं वाटतं. खुमेंद्रभाऊ अकराला अजूनही बाहेर जाऊन उभे राहतात. म्हणतात, हवा येते.

मशीन अडकायचं ते अडकतंच. आज बटण दाबलं. डोळे उघडे ठेवून. भीती वाटते. लिहून ठेवते, वाटते.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने फुलचूरला गेले. बाबूजी स्टँडवर सोडायला आले होते आणि कंडक्टरला सांगत होते की पोरगी मॅडम आहे. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून त्यांना सांगितलं, मी शिकवायला नाही चालले. विद्यार्थी म्हणून चालले. मशीन उघडून दुरुस्त करायची रविवारची बॅच आहे, दर आठवड्याला जाणार. त्यांनी कंडक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मंग डबा पुरते का दिवसभर?"

नाव घातलं. पहिला तास झाला. मी मागच्या बाकावर बसले होते, दाराजवळ. डिप्लोमाच्या मुलीही याच तासाला बसतात. रिंकी पहिल्या बाकावरून वळून म्हणाली, "दीदी, तिथून काही दिसत नाही. समोर या."

समोर जाऊन बसले.